मिली जुळले, ग्रॅम राहिले

वजनाचा तक्ता समोर ठेवत सिस्टर म्हणाल्या, "मॅडम, चार दिवसांत पाचच ग्रॅम वाढलंय हो." मी तेव्हा खुशीत होते. गरोदरपणाच्या २८व्या आठवड्यातच जन्मलेलं, ९८० ग्रॅमचं बाळ दूध पचवत होतं आणि शिरेतली लाइन, म्हणजे पोषण देणारी बारीक नळी, दोन दिवसांत काढायचं मी मनाशी ठरवलं होतं. लाइन जितकी जास्त राहील तितकी जंतुसंसर्गाची भीती.

अशा बाळाची आतडी कच्ची, म्हणून पहिल्या दिवसापासून शिरेतून पोषण द्यावं लागतं. ते मिश्रण लिहून देणं माझं फार आवडतं काम. कॅल्शियम आणि फॉस्फेट दोन्ही भरपूर हवीत, पण प्रमाण बिघडलं तर पिशवीतच साका धरतो. स्निग्धांशाची सिरिंज उजेडापासून झाकायची. तिकडे आईचा चीक थेंबाथेंबाने गालात, मग पोटात सोडलेल्या नळीतून दर दोन तासांनी एक मिली. पुढे रोज किलोमागे २० मिली दूध वाढवायचं आणि शिरेतलं तेवढंच उतरवायचं. दोन्ही मिळून दिवसाला किलोमागे १५० मिली भरले की आम्ही निर्धास्त.

मी कागद ओढून हिशोब मांडला. किलोमागे दूध १०० मिली, त्यात प्रथिनं साधारण १.३ ग्रॅम. शिरेतलं ५० मिली, त्यातून १.२. झाले अडीच. या बाळाला किलोमागे निदान साडेतीन लागतात. रक्तातला युरिया उतरत होता, त्याचा अर्थ मी "मूत्रपिंडं छान" असा लावून बसले होते! प्रथिनं कमी पडली तरी युरिया उतरतो, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही.

लाइन अजून होती, हे नशीब. मिली तेवढेच ठेवून मिश्रणातली अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनांचे घटक, वाढवली आणि दुधात त्याच दिवशी फोर्टिफायरची, म्हणजे दुधाचं पोषण वाढवणारी, पूड सुरू केली. खरं तर ती आदल्याच दिवशी घालता आली असती. आमच्याकडे १०० मिली पुरे होईपर्यंत थांबायची पद्धत, आणि ती का पडली हे कुणाला सांगता येत नाही.

पूड घालताना आईने पाहिलं. "माझं दूध कमी पडलं का?"

"नाही ताई. पूर्ण दिवसांच्या बाळाला ते पुरतंच. हे जवळजवळ तीन महिने आधी आलंय. हिशोब माझा चुकला."

तिने मान हलवली, पण त्या रात्री ती दूध काढायला आलीच नाही. दुसऱ्या दिवशी सिस्टर तासभर तिच्याजवळ बसल्या, तेव्हा कुठे ती पुन्हा पंपाशी बसली. ते काम माझं होतं.

बाळ आठवडाभरात रोज १८-२० ग्रॅमने वाढू लागलं. आमच्या छापील ऑर्डरच्या कागदावर अजूनही फक्त मिलीचा रकाना आहे. ग्रॅमचा मी रोज पेनाने आखते. रात्रपाळीचे डॉक्टर तो कोराच सोडतात.