२३ तासांत दिलेले ७

४ सप्टेंबर २०२५, गुरुवार, संध्याकाळचे साडेसात. खाली गल्लीत मंडळाची आरती सुरू व्हायची होती आणि वर मी स्टीमचं, म्हणजे पीसीवरचे गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानाचं, एकच पान पुन्हा पुन्हा उघडत बसलो होतो. 'हॉलो नाइट: सिल्कसाँग' विक्रीला आला आणि त्याच मिनिटाला स्टीमने मान टाकली. निन्टेंडोचं दुकानही अडकलं, प्लेस्टेशनचंही. साडेसहा वर्षं वाट बघायला लावलेला गेम, आणि पैसे घेऊन दारात उभं राहिलं तरी आत कुणी घेईना. शेवटी पैसे कापले गेले, गेम उतरायला लागला, तोवर खाली मंत्रपुष्पांजली होऊन खिरापतही संपली होती.

एरवी मला रांगेत उभं राहावं लागत नाही. रिव्ह्यू लिहिणाऱ्याला आठवडा-दोन आठवडे आधी ईमेलवर गेम उतरवायचा कोड येतो, सोबत काय सांगायचं नाही याची लांबलचक यादी आणि एम्बार्गोची, म्हणजे त्याआधी रिव्ह्यू छापायचा नाही अशी, तारीख. बाहेरच्यांना माहीत नसतं ते पुढचं. त्या दिवसांत इंटरनेटवर त्या गेमबद्दल एक ओळही नसते, त्यामुळे अडलेले समीक्षक आपापले छुपे गट करून एकमेकांना विचारत असतात. 'तो दरवाजा कुठून उघडतो रे?' असं विचारणारा माणूस दोन दिवसांनी त्याच गेमवर न्यायाधीश म्हणून बसतो. मीही बसलोय.

अ‍ॅडलेडच्या टीम चेरीने, म्हणजे हा गेम बनवणाऱ्या जेमतेम तीन माणसांच्या गाभ्याने, यावेळी कुणालाच आधी कोड दिला नाही. ज्यांनी किकस्टार्टर या वर्गणीच्या साइटवर गेम बनण्याआधीच पैसे लावले त्यांच्याआधी समीक्षकांनी खेळणं बरोबर नाही, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटलं होतं. २०२० मध्ये 'सायबरपंक २०७७' चे कोड आधी मिळाले ते फक्त पीसीचे. जुन्या प्लेस्टेशनवर त्याची काय दशा आहे हे लोकांना कळलं ते पैसे मोजल्यावर. कोड मिळाला म्हणजे खरं कळलं असं नसतंच. पण आधी कोड नाही याचा दुसरा अर्थ असा की सगळे एकाच वेळी सुटतात, आणि मग शर्यत लागते.

मी ज्या साइटसाठी लिहितो तिचा संपादक लंडनला बसतो. सोमवारी सकाळी पूर्ण रिव्ह्यू हवा, गुणांसकट. मी म्हटलं, आधी 'अजून खेळतोय' असा लेख टाकू, गुण नंतर. तो म्हणाला, गुणांशिवायचा रिव्ह्यू कुणी उघडत नाही. दुर्दैवाने हे खरं आहे. वाचक हजार शब्द सोडून खालच्या आकड्याकडे धावतो आणि मग हजार शब्द वाचले नाहीत म्हणून आपल्यालाच शिव्या घालतो.

शनिवारी अनंत चतुर्दशी. पेठेत राहणाऱ्याला त्या दिवशी घराबाहेर पडता येत नाही, त्यामुळे डेडलाइनला याहून चांगला दिवस नाही, असं मला वाटलं होतं. पण ढोल-ताशांच्या पथकाखाली हा गेम खेळून बघा. बॉस, म्हणजे वाट अडवणारा मोठा शत्रू, वार करण्याआधी एक बारीक आवाज करतो आणि हात त्या आवाजावर हलतात. एप्रिलमध्ये 'क्लेअर ऑब्स्क्युअर: एक्स्पेडिशन ३३' खेळलो तेव्हाही पॅरी, म्हणजे ऐन क्षणी वार अडवणं, कानांवरच बसली होती. (त्याला मी ९ दिले, आजही देईन, फक्त आतल्या भुलभुलैयांना साधा नकाशा न देण्यात कसली कला आहे हे मला अजून कळलेलं नाही.) इथे हेडफोन लावूनही ताशाची तर्री आत घुसत होती आणि मी तालावर मरत होतो.

आता मुद्द्याचं. या गेममध्ये आपण हॉर्नेट असतो, हातात सुईसारखी लांब तलवार. पहिल्या 'हॉलो नाइट'मध्ये उडी मारून खाली वार केला की तो सरळ खाली जायचा आणि शत्रूच्या डोक्यावरून आपण पुन्हा वर उसळायचो. सात-आठ वर्षं माझ्या अंगठ्याला तीच सवय. हॉर्नेट मात्र तिरकी झेपावते, साधारण पंचेचाळीस अंशांत. म्हणजे जिथे आपटायचंय त्याच्या थोडं अलीकडे आणि वर असायला हवं, आणि उसळल्यावर तोंड कुठे आहे ते लक्षात ठेवायचं. हंटर्स मार्चमध्ये काट्यांवर लाल फुलं टांगलेली आहेत, एकावरून दुसऱ्यावर असंच जायचं. तो एक टप्पा पार करायला मला चाळीस मिनिटं लागली. धापा टाकत बाक दिसला, बसलो, तर तो बाकच सापळा. विसाव्याच्या जागेला सापळा लावणाऱ्या माणसाच्या विनोदबुद्धीला मी रात्री दोन वाजता दाद देऊ शकलो नाही.

वर शत्रूंचे कितीतरी वार एका फटक्यात दोन मुखवटे, म्हणजे दोन जीव, घेतात, आणि सुरुवातीला मुखवटे आहेत पाच. जखम भरायला रेशमाचं रीळ भरलेलं लागतं. भरलं तर तीन मुखवटे एकदम परत, नाही तर काहीच नाही. ही रचना मला मनापासून आवडली. हवेतसुद्धा जखम बांधता येते, त्यामुळे भित्र्यासारखं कोपऱ्यात न जाता अंगावर जाऊन रेशीम मिळवावं लागतं. चलन आहे जपमाळेच्या मण्यांचं, आणि त्यात मात्र हात आखडता. मेलात की मणी तिथेच राहतात, परत जाताना पुन्हा मेलात की गेले. काही बाकांवर बसायलाही मणी मोजायचे. लास्ट जज नावाच्या बॉसपर्यंत प्रत्येक वेळी लांबचा रस्ता तुडवत जायचं आणि तो मेल्यावर स्फोट होऊन आपल्याला घेऊन जातो. मी जिंकलो म्हणून कंट्रोलर खाली ठेवला होता.

सोमवारी पहाटे लेख पाठवला. तेवीस तास खेळलो होतो. चित्रं, संगीत, शत्रूंची हालचाल याबद्दल भरभरून लिहिलं; तिरका वार ही रचनेतली चूक आहे, खेळाडूला सूर सापडू देत नाही, असं ठासून लिहिलं. गुण ७. तेवीस तासांवर हा निकाल आहे, शेवट पाहिलेला नाही, हे शेवटच्या परिच्छेदात स्पष्ट नमूद केलं होतं. जागा कमी पडते म्हणून तिकडे तो परिच्छेदच कापला गेला.

आमच्या धंद्यात १० पैकी ७ म्हणजे नापास. शाळेत ७० टक्क्यांना पेढे वाटतात; इथे लोक घरचा पत्ता शोधतात. सगळ्या समीक्षकांचे गुण एकत्र करणाऱ्या मेटाक्रिटिकच्या सरासरीला पैशाचं वजन आहे हेही खरं: 'फॉलआउट: न्यू व्हेगास'च्या चमूचा बोनस ८५ ला होता आणि सरासरी आली ८४, असं त्यांच्याच डिझायनरने २०१२ मध्ये जाहीर सांगितलं होतं. त्यामुळे आकडा टाकताना हात थोडा थरथरावा असं मला वाटतं. सोमवारी पहाटे तो थरथरला नाही, झोप आली होती.

दुपारी भाचा उठला. गणपतीसाठी वाईहून आला होता, आठवीत आहे. निन्टेंडोच्या स्विचवर कसं चालतं ते बघायला मी दुसरी प्रत घेतली होती, ती त्याच्याकडे दिली होती. मिरवणूक, पावभाजी, झोप यांतून उरलेल्या वेळात तो खेळत होता, माझ्या निम्मासुद्धा पुढे गेला नव्हता. सहज त्याच्या खांद्यावरून बघितलं, तर हॉर्नेट सरळ खाली वार करत होती. जुन्यासारखा.

"हे कसं केलंस?"

"वाँडरर क्रेस्ट. मामा, तू नाही घेतलास?"

बोन बॉटम या अगदी पहिल्या वस्तीत दुकानदाराकडे एक साधी चावी विकायला असते. ती मी पहिल्या तासातच बघितली होती आणि महाग म्हणून सोडली होती. मणी जपायचे होते, पुढे पळायचं होतं. याने दोन संध्याकाळी तिथेच किडे मारून मणी जमवले, चावी घेतली, जवळच्याच दफनभूमीचं दार उघडलं आणि वाराची पद्धत बदलणारा हा क्रेस्ट मिळवला. मी विचारलं, तिचा उपयोग काय ते माहीत नसताना घेतलीस कशी?

"चावी आहे म्हणजे कुलूप असणारच ना."

मी ज्याला रचनेतली चूक म्हटलं होतं त्याचा उपाय त्यांनी पहिल्याच दुकानात टांगून ठेवला होता. संपादकाला लगेच लिहिलं. त्याचं उत्तर, सर्वसाधारण खेळाडूलाही ती सापडणार नाही, तेव्हा मुद्दा चालतो. असेलही. पण सर्वसाधारण खेळाडूला सोमवारची डेडलाइन नसते.

आठवड्याभरात पॅच, म्हणजे गेममधली दुरुस्ती, आला. मूरविंग आणि सिस्टर स्प्लिंटर हे सुरुवातीचे दोन बॉस थोडे सौम्य केले, काही ठिकाणी मण्यांची कमाई वाढवली, मधल्या टप्प्यातल्या बाकांचे दर थोडे उतरवले. म्हणजे माझ्या दोन तक्रारी त्यांनी मान्य केल्या, आणि तिसरी, तिरक्या वाराची, मुळात तक्रारच नव्हती. ऑक्टोबरमध्ये मी गेम पूर्ण केला. तिसरा अंकही पाहिला. तो सगळ्यांना दिसत नाही, त्यासाठी बरंच काही शोधावं लागतं. आज गुण द्यायचे तर ९ देईन. बाकाचे पैसे घेणं मला अजूनही हलकटपणाच वाटतो.

साइटच्या आतल्या पानावर लेखाखाली एक चौकट असते: पॅचनंतर गुण बदलायचे का, हो की नाही. ती मी रिकामीच ठेवली आहे. 'हो' म्हटलं तर वाचकाला वाटेल पॅचने गेम सुधारला, आणि माझी चूक पॅचच्या नावावर खपून जाईल. 'नाही' म्हटलं तर खोटं. माझ्याच घाईवर टिपण लिहून पाठवलं होतं. 'वाचकांचा गोंधळ होईल' असं उत्तर आलं.

स्विच भाच्याकडेच आहे, दिवाळीपर्यंत म्हणून नेला होता. घरी वाय-फाय नाही, त्यामुळे त्याच्याकडे पॅच आलेला नाही. परवा त्याचा मेसेज आला, मूरविंग मेला, एकोणतिसाव्या वेळेला. मी ज्याला ७ दिले तो गेम आता बहुतेक वाईतच उरलाय.