सह्या घरांच्या, मोजणी एकरांत: मेलो-रूसला हरकत घेतानाचा माझा अनुभव

कॅलिफोर्नियात तुमच्या वस्तीवर 'कम्युनिटी फॅसिलिटीज डिस्ट्रिक्ट' (सार्वजनिक सोयींच्या खर्चासाठी घरमालकांवर वेगळा कर लावता येतो असा आखलेला भाग) बसवायचा ठराव आला असेल, तर सह्यांचा कागद घेऊन बाहेर पडण्याआधी हे वाचा. बोलताना सगळे याला मेलो-रूस म्हणतात. कायदा १९८२ चा. प्रॉपर्टी टॅक्सच्या बिलात घराच्या किमतीशी संबंध नसलेली जी वेगळी ओळ दिसते, ती अनेकदा याचीच.

आमचा पहिला कागद साधा होता: नाव, पत्ता, सही आणि वर 'हा कर आम्हाला परवडणार नाही'. सगळा फुकट गेला. हरकत 'डिस्ट्रिक्टच्या स्थापनेला' आहे, असं स्पष्ट लिहावं लागतं. बहुमतानं फक्त एखाद्या सोयीला किंवा ठरावीक कराला विरोध केला, तर सिटी कौन्सिल तेवढंच वगळून बाकीचं पुढे रेटू शकतं.

पण घोडं खरी पेंड खातं ते मोजणीत. हरकतीचे दोन रस्ते आहेत. पहिला मतदारांचा: हद्दीत राहणाऱ्या नोंदणीकृत मतदारांपैकी निम्मे किंवा सहा जण, यांतला जो आकडा मोठा असेल तो. दुसरा जमिनीचा: करातून न वगळलेल्या जमिनीपैकी निम्म्या किंवा अधिक क्षेत्रफळाचे मालक. कुठलाही एक रस्ता पुरा झाला की वर्षभर तो प्रस्ताव पुढे नेता येत नाही. थोडे मतदार आणि थोडी जमीन अशी बेरीज मात्र चालत नाही.

क्षेत्रफळ म्हणजे क्षेत्रफळच, घरांची संख्या नव्हे. एकर ४३,५६० चौरस फुटांचा. प्लॉट ६,००० चौरस फुटांचा असेल तर एकरभर व्हायला सातहून थोडी जास्त घरं लागतात. हद्दीच्या कडेला बिल्डरची २० एकर मोकळी जमीन असली, तर तिला तोडीस तोड म्हणून १४६ घरं हवीत. शे-दीडशे दारं वाजवून झाल्यावर हे समजतं तेव्हा काय वाटतं ते इथे लिहीत नाही.

समजलं तेही सिटी क्लर्कच्या खिडकीपाशी. 'यातले मतदार कोण, मालक कोण, पार्सल नंबर कुठे?' म्हणून गठ्ठा परत आला. (पार्सल नंबर म्हणजे प्लॉटचा सरकारी नोंदीतला क्रमांक.) प्रश्न रास्तच होता. पण त्याआधी दोनदा फोन केला तेव्हा त्याच ऑफिसनं 'कुठल्याही स्वरूपात लेखी द्या' एवढंच सांगितलं होतं. तुम्ही फोनवर थांबू नका, ईमेल करा: फॉर्मवर काय काय हवं, ईमेलनं आलेली हरकत धरणार का, मालक दोघं असतील तर एक सही पुरेल का. उत्तर लेखी मिळालं की खिडकीवर दाखवता येतं.

नंतरचा फॉर्म एका माणसाला एक पान. नाव खरेदीखतावर असेल तसं. 'अण्णा कुलकर्णी' चालत नाही. पत्ता, पार्सल नंबर, प्लॉटचं क्षेत्रफळ, आणि दोन चौकोन: 'मालक' आणि 'इथला नोंदणीकृत मतदार'. घर ट्रस्टच्या नावावर असेल तर सही ट्रस्टी म्हणून.

आपल्या लोकांनी इथे फार जपावं. एच-१बी किंवा ग्रीन कार्डवर असलात तरी मालक म्हणून हरकत घेता येते. जमिनीच्या रस्त्याला नागरिकत्व लागत नाही. पण मतदाराच्या चौकोनात चुकूनही खूण करू नका. नागरिक असल्याचा खोटा दावा इमिग्रेशनमध्ये भलताच महागात पडतो. उलट भाडेकरूंचं. मालकांच्या नादात आम्ही त्यांची दारं सोडली होती, आणि नोंदणीकृत मतदार असलेला भाडेकरू पहिल्या रस्त्यावर मालकाइतकाच मोजला जातो. जमिनीचा आकडा आमचा शेवटपर्यंत भरला नाही. मतदारांचा भरला, तो याच सह्यांनी.

हे सगळं करायला वेळ किती? इराद्याचा ठराव (डिस्ट्रिक्ट स्थापायचा विचार जाहीर करणारा) मंजूर झाल्यापासून ३० ते ६० दिवसांत हिअरिंग, म्हणजे जाहीर सुनावणी. नोटीस वर्तमानपत्रात छापणं सक्तीचं, घरी पाठवणं ऐच्छिक. म्हणून कौन्सिलची विषयपत्रिका दर बैठकीआधी बघा. नियमित सभेची ७२ तास आधी लागते. असे ठराव अनेकदा कन्सेंट कॅलेंडरमध्ये, चर्चेशिवाय एकगठ्ठा मंजूर होणाऱ्या विषयांत, दडलेले असतात.

हरकत कमी पडली तरी खेळ संपत नाही. स्थापनेच्या ठरावानंतर मतदान होतं आणि कर लागायला झालेल्या मतांपैकी दोन तृतीयांश 'हो' लागतात, म्हणजे एक तृतीयांशाहून थोडी जास्त 'नाही' पुरतात. हद्दीत बारा नोंदणीकृत मतदार नसतील तर मात्र मत जमीनमालकांचं, एकराला एक. नव्या कॉलन्यांत मेलो-रूस आधीपासून असतो तो असाच: मोकळ्या रानात बिल्डर एकटा मत देतो आणि बिल पुढे आपण भरतो.

लेखी हरकत हिअरिंगच्या ठरलेल्या वेळेपर्यंत क्लर्ककडे पोचलीच पाहिजे. दोन प्रती न्या, एकीवर वेळेसकट शिक्का घ्या. हिअरिंग संपेपर्यंत कुणीही आपली हरकत लेखी मागे घेऊ शकतो आणि तेवढ्यात 'मागे घ्या' म्हणून फोन फिरतात, त्यामुळे निम्म्यावर थांबू नका, दहा टक्के सह्या जास्तीच्या ठेवा.