सव्वा मीटरची वायर

रेकॉर्ड अजून पाकिटात, सुई आर्मवर अधांतरी, आणि तरी स्पीकरमधून 'घूंऽऽ' असा तंबोरा लागलेला. टर्नटेबल नव्याने घरी आणणाऱ्या बऱ्याच जणांची पहिली मैफल हीच. सूर कायम एकच, ५० हर्ट्झचा. म्हणजे भिंतीतल्या विजेचा. तो आत शिरायची एक वाट म्हणजे टर्नटेबलपासून अॅम्पपर्यंत (अॅम्प्लिफायरपर्यंत) जाणारी वायर.

आर्मच्या टोकाला सुई धरणारा भाग म्हणजे कार्ट्रिज. एमएम (मूव्हिंग मॅग्नेट) जातीची कार्ट्रिज जेमतेम ४-५ मिलिव्होल्ट देते. सीडी प्लेअर २ व्होल्ट देतो, म्हणजे चारपाचशे पट. त्यात रेकॉर्ड कापताना खर्ज मुद्दाम दाबलेला असतो, तो फोनो प्रीअॅम्प, म्हणजे अॅम्पच्या आधी हा बारीक सिग्नल वाढवणारा भाग, परत उचलतो. १००० हर्ट्झच्या तुलनेत ५० हर्ट्झला तो जवळपास सातपट वर काढतो. आधीच मर्कट, त्यात मद्य प्याला! सीडीला जी वायर चालून जाते, ती इथे उघडी पडते ती यामुळे.

स्वस्त वायर ब्लेडने सोलून बघा. मधल्या तारेभोवती केसासारखे दहा-बारा धागे एका बाजूने गुंडाळलेले दिसतात. वायर वाकवली की धागे सरकतात, फट पडते आणि गुणगुण आत शिरते. चांगल्या वायरीत तांब्याची विणलेली जाळी असते, चहाच्या गाळणीसारखी दाट. पैसे त्या जाळीचे द्यावेत. सोन्याचा मुलामा दिसायला छान असतो, इतकंच.

तरीही घूं आलं तर आर्मला बोट लावा. आवाज थांबला तर अर्थिंगची बारीक तार प्रीअॅम्पच्या जीएनडी (ग्राउंड) स्क्रूखाली नीट बसलेली नाही. एकाच बाजूने येत असेल तर त्या बाजूच्या आरसीए पिनेची (वायरीच्या टोकाची गोल पिन) बाहेरची कडी सैल आहे. आर्म हाताने रेकॉर्डच्या मध्याकडे नेताना वाढत असेल तर ट्रान्सफॉर्मर फार जवळ आहे, अॅम्प फूटभर लांब सरकवा. आणि अॅम्पला सेट-टॉप बॉक्स जोडलेला असेल तर आधी त्याची केबल काढून बघा. पुष्कळदा चोर तोच निघतो.

खरी गंमत पिकोफॅरडची आहे, म्हणजे वायर किती विद्युतभार साठवते ते मोजायच्या मापाची. ऑडिओ टेक्निकाच्या व्हीएम९५ई कार्ट्रिजला एकूण १०० ते २०० पिकोफॅरड हवेत. प्रीअॅम्पच्या आतच बहुधा १०० असतात, आर्मच्या तारा थोडी भर घालतात, उरलेला वाटा वायरीचा. साध्या वायरीत मीटरला १०० किंवा जास्तच, म्हणून तीन मीटरची घेतली की बेरीज ४००च्या पुढे. मग कार्ट्रिजचा आवाज जिथे जरा चढतो तो १५ किलोहर्ट्झच्या आसपासचा उंचवटा ११ च्याही खाली उतरतो: झांज कर्कश होते आणि त्यावरचे बारीक, उंच सूर गायब. दुकानदार तेवढ्यात म्हणतो, 'लांब घ्या, सोय होईल.' घेऊ नये. सव्वा मीटर पुष्कळ. अॅम्प लांबच ठेवायचा असेल तर प्रीअॅम्प टर्नटेबलशेजारी ठेवून लांब वायर त्याच्या पुढे टाकावी. टर्नटेबलमध्येच प्रीअॅम्प असून बटण 'लाइन'वर असेल, तर या हिशेबाची गरजच नाही. फक्त ती वायर अॅम्पच्या 'फोनो'त खुपसू नका, आवाज फाटतो.

सीसीटीव्हीवाले वापरतात ती आरजी-५९ केबल मीटरला ६७ पिकोफॅरडच्या आसपास बसते. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर ती मीटरवर मिळते. जाळी मात्र तांब्याची बघून घ्यावी. टोकाला पिन जोडायला गेलं तर अॅल्युमिनियमची जाळी साधं सोल्डर धरत नाही. केबल ताठ असते, टर्नटेबल स्प्रिंगवर झुलणारं असेल तर त्याला ओढ बसते. कमी आउटपुटच्या एमसी (मूव्हिंग कॉइल) कार्ट्रिजला पिकोफॅरडची फिकीर नाही, पण तिथे सिग्नल अर्धा मिलिव्होल्टच्या आत, म्हणून जाळी दुप्पट महत्त्वाची.

स्पीकरच्या वायरीवर इतका जीव टाकू नये. तीन मीटरला दीड-अडीच स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर घेतली की विषय संपला.

कोकणात, मुंबईत पावसाळ्यानंतर पिनेवर मळकट हिरवट थर दिसतो आणि एक बाजू मधूनच गप्प होते. अॅम्प बंद करा, पिन वायरीला नव्हे तर टोपीला धरून काढा, आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापडाने पुसा, आणि परत बसवताना दोन-तीनदा गोल फिरवा.