कान आणि खांद्यातलं अंतर (ज्यूदो लॉग, आठवडा ६)

मागच्या लॉगमध्ये मी लिहिलं होतं की मान धरलीय, दोन दिवसांत सुटेल. कसली सुटतेय. सहा आठवडे झाले, आता कुठे रॅन्डोरीला, म्हणजे पार्टनरबरोबरच्या मोकळ्या सराव-लढतीला, परत उभा राहिलोय, म्हणून नीट लिहून ठेवतो.

नवीन लोकांसाठी थोडक्यात, वय ३९, ब्राऊन बेल्ट, राहायला मुलुंड, ऑफिस लोअर परळ, क्लास दादरला आठवड्यातून तीनदा. उजव्या हाताचा खेळ, म्हणजे उजवी पकड कॉलरवर आणि डावी बाहीवर. दुखायचं पण उजवीकडेच, खांद्याच्या पात्याचं आतलं वरचं टोक असतं ना, बरोब्बर तिथे, आणि तिथून दोरी ओढल्यासारखं कानामागे जायचं. पार्किंगमधून गाडी रिव्हर्स काढायला मागे बघायचं तर अख्खं धड फिरवावं लागायचं.

पहिल्या आठवड्यात सगळे गाढवपणे करून झाले. आईने तेल लावून शेकलं, तेवढ्यापुरतं बरं वाटलं. मग सलूनमध्ये गेलो, चंपीनंतर तो मान कटकन मोडतो ना, ती मोडून घेतली आणि रात्री अजूनच आखडलो. फिजिओ मॅडमनी हे ऐकून जे झापलंय, विचारू नका. त्या झटक्याने मानेतून मेंदूकडे रक्त नेणाऱ्या धमनीला इजा होऊ शकते, दुखत असो नसो, हे कधीच करून घेऊ नका.

मॅडमनी आधी हाताला मुंग्या येतात का, पकड ढिली पडते का, बोटं बधिर होतात का ते तपासलं. माझ्यात तसलं काही नव्हतं. तुमच्यात असेल तर हा लॉग वाचत बसू नका, सरळ डॉक्टरकडे जा. माझा प्रकार म्हणजे लेव्हेटर स्कॅप्युली, मानेच्या वरच्या चार मणक्यांपासून पात्याच्या त्या टोकापर्यंत येणारा स्नायू, खांदा वर उचलणं हेच त्याचं काम. मग प्रश्न असा की मी दिवसभर खांदा उचलतो कुठे?

उत्तर मिळालं ट्रेनमध्ये. सकाळची स्लो, बॅग पोटावर, उजवा हात वरच्या हँडलला, डाव्या हातात मोबाईल, मान खाली. दादरपर्यंत पाऊण तास असाच. भायखळ्याहून येणारा असतो तर एवढं झालं नसतं, पण आमच्या नशिबात मुलुंड. हात दुखायला लागला म्हणून सहज लक्ष गेलं तर खांदा कानाला टेकलेला, आणि हँडल मी अंगठा आणि पहिल्या बोटाने आवळून धरलेलं. म्हणजे हुबेहूब माझी कॉलरची पकड! संध्याकाळी सरांना सांगितलं तर म्हणाले, "दोन वर्षं ओरडतोय मी, खांदे खाली, कोपर खाली. तुझ्या कानाची आणि खांद्याची सोयरीक जमलीय का?"

तर इथून खरं काम सुरू झालं. करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाने कापड धरायचं, अंगठा आणि तर्जनी जवळजवळ रिकामी. शिकवतात सगळ्यांना पहिल्याच महिन्यात, करतं कोण. तसं धरलं की कोपर आपोआप खाली येतं आणि ओढ काखेखालच्या मोठ्या स्नायूतून लागते, मानेतून नाही. दोन आठवडे फक्त हेच, उचिकोमी, म्हणजे समोरच्याला न फेकता डावात शिरायचा पुन्हा पुन्हा सराव, निम्म्या जोरात, प्रत्येक एन्ट्रीला श्वास सोडत. श्वास धरला की खांदा परत वर, बघा करून.

पडणं पण बंद ठेवलं होतं. उकेमीत, म्हणजे न लागता पडायच्या तंत्रात, हनुवटी छातीला लावून बेल्टच्या गाठीकडे बघतो आपण, ते काम मानेच्या पुढच्या स्नायूंचं, ते दमले की डोकं मागे राहतं आणि मॅटवर आपटतं. चार-पाच किलोचं डोकं आहे ते, नारळ नाही. त्यासाठी चिन टक, म्हणजे हनुवटी सरळ मागे ओढून घ्यायची, ५ सेकंद धरून १० वेळा, सकाळ-संध्याकाळ. कपाळाला हात लावून हलका दाब, डोकं न हलवता. चौथ्या आठवड्यापासून बँडने रोइंग. क्लासमधला एक दादा मुदगल फिरवतो, त्याचं हलकं घेऊन बघितलं पण डोक्यामागून नेताना तीच दोरी ताणली गेली, तो नाद सध्या सोडलाय.

दुखणं दहापैकी सातवरून दोनवर आलंय. रविवारी तीन-तीन मिनिटांच्या चार राऊंड खेळलो, पहिल्या तीन मस्त, चौथ्यात एका कॉलेजच्या पोराने डोक्यामागे उंच पकड घेऊन मान खाली दाबली आणि माझे खांदे पुन्हा जिथल्या तिथे. सेओइ नागे, म्हणजे पाठीवर घेऊन खांद्यावरून फेकायचा डाव, मारायला गेलो आणि स्वतःच चीतपट. पोरगं वर विचारतंय, "काका, लागलं का?" काका!

ट्रेनमध्ये आता घाटकोपरला हात बदलतो. पुढचे दोन आठवडे उंच पकड सोडवायचाच सराव, फक्त हलक्या पार्टनरबरोबर.