युरोपच्या टूरवर चालणारं इंग्रजी

टूर मॅनेजरच्या मुलाखतीला गेले तेव्हा 'टेल मी अबाउट युवरसेल्फ'चं उत्तर पाठ होतं. शाळा कराडची, मराठी माध्यमाची, त्यामुळे धास्ती इंग्रजीचीच. मुलाखत घेणाऱ्या मॅडमनी स्वतःबद्दल काही विचारलंच नाही. म्हणाल्या, "तुम्ही मिलानला आहात. चाळीस माणसं बॅगा घेऊन हॉटेलच्या दारात उभी आहेत, बस आलेली नाही. मी बस कंपनीच्या ऑफिसात बसलेय, मला फोन करा. आणि मी इटालियन आहे, मला इंग्रजी जेमतेमच येतं."

मी 'सॉरी टू डिस्टर्ब यू'पासून सुरुवात केली. त्यांनी हात वर केला. "ग्रुपचा नंबर, हॉटेलचं नाव, बसची ठरलेली वेळ, आता काय हवंय. एवढंच बोला, आणि समोरच्याने सांगितलेली वेळ त्यालाच परत म्हणून दाखवा."

निवड झाली. पण आमच्या कंपनीत नव्या माणसाला थेट युरोप देत नाहीत. आधी काश्मीर, राजस्थान, जिथे हिंदीवर भागतं. मग थायलंड. तिथल्या गाइडचं इंग्रजी पहिले दोन दिवस कळायचं नाही, कारण शब्दांचे शेवट ते गिळतात. कान बसला की ओघानं कळायला लागतं. त्यांनाही माझं कराडी वळणाचं इंग्रजी तसंच वाटत असणार. थायलंडचा खरा उपयोग हा झाला, की दोघांचीही मायबोली नसलेली भाषा बोलताना लाज कुणालाच वाटत नाही, हे कळलं.

युरोपला पहिल्यांदा गेले ती एका मुरलेल्या सरांची सहायक म्हणून. फ्रान्समध्ये बस, पण ड्रायव्हर पोलंडचा. त्याला इंग्रजी येत होतं मोजकं, पण स्वतःच्या कामापुरतं पक्कं. सरांनी मला पुढच्या सीटवर बसवलं आणि आधी इंग्रजी नव्हे, ड्रायव्हरचे तास शिकवले. युरोपीय संघाच्या नियमाप्रमाणे दिवसात 9 तास गाडी चालवायची, आठवड्यातून दोनदाच 10 तास. साडेचार तास चालवलं की 45 मिनिटं विश्रांती. दोन दिवसांच्या मध्ये सलग 11 तास आराम, ते साप्ताहिक सुट्ट्यांच्या दरम्यान फार तर तीनदा 9 वर आणता येतात. हे सगळं बसमधलं टॅकोग्राफ नावाचं यंत्र नोंदवतं आणि रस्त्यात तपासणी झाली की ड्रायव्हरच्या गळ्याशी येतं.

हे कळल्याशिवाय ड्रायव्हरशी बोलताच येत नाही. पॅरिसचं घ्या. आयफेल टॉवरचे दिवे अंधार पडल्यावर दर तासाच्या ठोक्याला पाच मिनिटं लुकलुकतात आणि आपल्या मंडळींना ते बघायचेच असतात. जूनमध्ये तिथे दहा वाजले तरी नीट अंधार नसतो. म्हणजे हॉटेलवर पोचायला सहज साडेअकरा. नऊ तासांच्या आरामाची सवलत वापरली तरी बस सकाळी साडेआठच्या आधी हलणार नाही, आणि दुसऱ्या दिवशी स्वित्झर्लंडचा लांबचा पल्ला. याच्यावर ड्रायव्हरला 'प्लीज, प्लीज, ओल्ड पीपल, व्हेरी हॅपी' म्हणून उपयोग नाही. सर फक्त विचारायचे, "टुनाइट फिनिश, व्हॉट टाइम? टुमॉरो स्टार्ट, व्हॉट टाइम?" तो बोटं मोजून सांगायचा. मग सर मागे वळून मराठीत वाटाघाटी करायचे, "काका, दिवे बघायचे तर उद्या स्विसला दुपारऐवजी संध्याकाळ होईल, चालेल?" अवघड भाग हा मराठीतला.

वेळ नेहमी चोवीस तासांच्या घड्याळात आणि कागदावर लिहून. कारण इंग्लंडचा माणूस 'हाफ एट' म्हणाला तर साडेआठ, आणि जर्मन माणूस आपल्या भाषेतला 'हाल्ब आख्ट' मनात धरून तेच म्हणाला तर साडेसात. एक तासाची गफलत आणि वर कुणीही चूक नाही. शून्य सात तीस लिहून दाखवलं की वाद मिटला.

हॉटेलचं इंग्रजी त्यामानाने सोपं, यादी नीट असली तर. ट्विन म्हणजे दोन वेगळे पलंग, डबल म्हणजे एक मोठा. जर्मनी-ऑस्ट्रियात डबलमध्येही बऱ्याचदा एका चौकटीत दोन गाद्या शेजारीशेजारी असतात, हे दोन मैत्रिणींना आधी सांगून ठेवलेलं बरं. तळमजला शून्य, पहिला मजला त्याच्यावर, इथे आपलं आणि त्यांचं जमतं. खरी कसोटी आडनावांची. एका ग्रुपमध्ये अर्धा डझन पाटील असतात, रिसेप्शनवरची मुलगी 'मिस्टर पाटील' म्हणून किल्ली पुढे करते आणि सगळे हात पुढे येतात. मी यादीत खोलीपुढे पासपोर्टवरचं पूर्ण नाव टाकायला लागले. फोनवर नाव सांगायचं तर 'पी फॉर पुणे' तिकडे कुणाला कळणार? विमानवाल्यांची अल्फा, ब्राव्हो, चार्ली ही वर्णमाला मी बाथरूमच्या दारावर चिकटवून पाठ केली. पापा, अल्फा, टँगो, इंडिया, लिमा. पाटील झाले.

जेवणाच्या बाबतीत 'व्हेजिटेरियन' या शब्दावर मी विसंबत नाही. तिकडे त्यात अंडं खपतं, कधी मासाही. नो मीट, नो फिश, नो एग, हे तिन्ही सुटं सुटं सांगायचं. जैन मंडळी असतील तर नो अनियन, नो गार्लिक, नो पोटॅटो. कारण समजावत बसू नये. शेफला कारण नको असतं, यादी हवी असते.

आजी-आजोबांचं इंग्रजी हेही माझ्याच कामात येतं. लंडनच्या विमानतळावर इमिग्रेशनच्या खिडकीशी मी त्यांच्या शेजारी उभी राहू शकत नाही. ब्रिटन शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात नाही, व्हिसा वेगळा, प्रश्नही वेगळे विचारतात. म्हणून विमानातच त्यांना सांगते, "आजी, का आलात विचारलं तर टुरिस्ट म्हणा, कुणाबरोबर विचारलं तर ग्रुप टूर, आणि परतीचं तिकीट हातात धरा." एक आजी खिडकीवरून आल्या त्या खुशीत. म्हणाल्या, "त्याने विचारलं ते काही कळलं नाही, पण मी तिन्ही उत्तरं देऊन टाकली."

माझा स्वतःचा सगळ्यात घाम निघाला तोही लंडनमध्येच. पॅरिस, ल्युसर्न, व्हेनिस सगळीकडे निभावलं होतं, व्हेनिसला ट्रॉन्केटोच्या पार्किंगमध्ये बोटवाल्याशी भाड्यावरून वादही घातला होता. आणि लंडनचा बस ड्रायव्हर, ज्याची मायबोलीच इंग्रजी, त्याचं एक वाक्य कळेना. पोलिश माणूस माझ्यासाठी हळू बोलतो, कारण त्यालाही शोधून बोलायचं असतं. लंडनवाल्याला तशी गरजच नाही. तो चेष्टा करतो, शब्द अर्धे खातो आणि मध्येच 'लव्ह' अशी सहज हाक मारतो. सरांना विचारलं तर म्हणाले, "त्याचंही कागदावर घे." आता पहिल्याच दिवशी वही आणि पेन मी त्याच्या डॅशबोर्डवर ठेवते. तो हसतो, आणि लिहून देतो.