तुम्ही विचारलंत म्हणून : ही डोकेदुखी मानेची की फुग्याची?

मला ॲन्युरिझम आहे. मेंदूतल्या एका धमनीची भिंत एका जागी कमकुवत होऊन तिथे छोटा फुगा आला आहे. शिवाय मानेचे मणके झिजलेत. दोन्ही दुखणी एकाच माणसाला आहेत म्हटल्यावर लोक विचारतातच, ‘डोकं दुखायला लागलं की ते कशाने दुखतंय, हे तुम्हाला कळतं कसं?’ विचारणाऱ्यांत नुकतंच निदान झालेलेही असतात. त्यांची झोप उडालेली असते, हे मी अनुभवाने जाणते. म्हणून जरा नीट लिहिते.

न फुटलेला लहान फुगा बहुधा दुखत नाही. हे पटायला मला वर्ष लागलं. शंभर प्रौढांपैकी साधारण तिघांच्या डोक्यात असा फुगा असतो आणि बहुतेकांचा तो कधीच फुटत नाही. माझाही दुसरंच काही शोधताना स्कॅनमध्ये दिसला. पण दिसल्यापासून डोक्यातल्या प्रत्येक कळेचं खापर मी त्याच्यावर फोडायला लागले.

माझी नेहमीची डोकेदुखी मानेतून येते. कवटीच्या बुडाशी, एकाच बाजूला सुरू होते, हळूहळू वर चढते आणि डोळ्यामागे ठाण मांडते. मान वळवली किंवा खूप वेळ खाली घालून बसले की वाढते. दुखणं मानेत आणि ठणका डोळ्यामागे, हे कोडं मला डॉक्टरांनी उलगडून सांगितलं. मानेच्या वरच्या तीन मणक्यांजवळच्या नसा आणि कपाळ-चेहऱ्याची नस, दोन्हींचे निरोप आत एकाच ठिकाणी पोचतात, त्यामुळे निरोप नेमका कुठून आला याबाबत मेंदूची गफलत होते.

फुगा फुटला तर होणारी डोकेदुखी अशी चढत येत नाही. ती कोसळते. मिनिटभरात, कधी काही सेकंदांतच, टोकाला पोचते. म्हणून ‘किती दुखतंय’ यापेक्षा ‘किती वेळात एवढं वाढलं’ हा प्रश्न महत्त्वाचा. माझ्या मानेच्या डोकेदुखीने मला भिंतीला धरून रडवलं आहे, तेव्हा नुसत्या तीव्रतेवर जाऊ नका.

आणि आता ज्या गोष्टीची मला खरी भीती वाटते ती. फुग्यातून रक्त आलं की ते मेंदूभोवतीच्या पाण्यात मिसळतं, आवरणांना झोंबतं आणि काही तासांत मान ताठ होते. तेच पाणी मज्जारज्जूभोवतीही असतं, त्यामुळे पाठ, कंबर, पायसुद्धा दुखू शकतात. म्हणजे आपण मणक्यांचे रोगी ज्या तक्रारी वर्षानुवर्षं अंगवळणी पाडून घेतो, त्याच तक्रारी! आपल्याला कोणी सहज म्हणेल, ‘मान धरली असेल.’ आपण स्वतःही म्हणतो.

मीही म्हटलं. एका सकाळी वाकून उठताना डोक्यात मागून घाव बसावा तशी कळ आली. मी मान शेकत पडून राहिले, आठ तास. संध्याकाळी दवाखान्यात गेलो, तर तिथल्या डॉक्टरांनी मानेचे जुने एक्स-रे पाहून घरी जायला सांगितलं. माझे यजमान हलले नाहीत. ‘फुग्याचा रिपोर्ट आधी बघा,’ एवढंच म्हणत राहिले. मग सीटी स्कॅन झाला. त्यात रक्त दिसलं नाही, पण कळ आल्यापासून सहा तासांच्या आत केलेल्या स्कॅनवर जितका भरवसा ठेवता येतो, तितका नंतरच्या स्कॅनवर येत नाही. माझे ते तास शेकण्यात गेले होते, त्यामुळे कमरेतून सुईने पाणी काढून तपासावं लागलं. ते स्वच्छ निघालं. त्यानंतर चार दिवस एक तिसरीच डोकेदुखी भोगली. बसलं की असह्य, आडवं झालं की गायब. पाणी काढलेल्या जागेतून ते थोडं झिरपत राहिलं की असं होतं. ती आपली आपण थांबली.

वेदनाशामक गोळ्यांचंही सांगते, कारण त्यात मी फसले होते. महिन्यातले 15 किंवा त्याहून जास्त दिवस साध्या गोळ्या, असं तीन महिन्यांवर चाललं, तर गोळ्यांमुळेच डोकं दुखू लागतं. काही गोळ्यांच्या बाबतीत 10 दिवसही पुरतात.

अचानक कोसळलेल्या डोकेदुखीखेरीज एक पापणी खाली लोंबली, एक बाहुली मोठी झाली, दोन-दोन दिसू लागलं, शुद्ध हरपली किंवा फिट (आकडी) आली, तर थांबू नका. मणक्यांच्या बाजूने हातापायातली ताकद जाणं, चालताना तोल जाणं, लघवीवरचा ताबा सुटणं, यांनाही उद्यापर्यंतची मुदत नसते.

‘जाऊन काहीच निघालं नाही तर?’ हे पुढे हमखास विचारलं जातं. माझं काहीच निघालं नाही, आणि पुन्हा तशी कळ आली तर मी पुन्हा जाणार आहे, या वेळी पहिल्या तासात. त्यासाठी एक कागद फाइलच्या सगळ्यात वर लावून ठेवलाय. त्यावर फुगा कुठे आहे, किती मिलिमीटरचा, शेवटचा स्कॅन कधी झाला, रक्तदाबाची गोळी कुठली, हे लिहिलंय. खाली मोठ्या अक्षरांत, मला बोलता आलं नाही तर म्हणून : ‘हिची नेहमीची डोकेदुखी मानेतून सुरू होते आणि हळू चढते. आजची तशी नाही, म्हणून आणलं आहे.’