लाडक्या फ्रॉकचं पुस्तक करायचंय? कापड मायेतून घ्या

दोन वर्षांचा फ्रॉक साडेतीन वर्षांच्या अंगात कोंबला की काखेत काचतो, पाठीचं वरचं बटण लागत नाही, घेर मांडीवर येतो. तरी रोज तोच हवा असतो. मग घरोघरचा ठरलेला उपाय: फ्रॉक माळ्यावर जातो आणि ‘उंदराने नेला’ असं सांगितलं जातं. उंदराला फुकट बदनाम करण्यापेक्षा त्या फ्रॉकचं चित्रपुस्तक करा. दोन रात्रींचं काम आहे आणि त्यासाठी फ्रॉक फाडावाही लागत नाही.

शिवणारी माणसं शिवणीच्या आत जास्तीचं कापड ठेवतात, त्याला माया म्हणतात. आपल्याला लागणारं सगळं कापड तिथेच मिळतं. शिंप्याकडून शिवलेल्या सुती फ्रॉकच्या बाजूच्या शिवणींत बहुधा दीड-दोन सेंमी माया असते आणि खालच्या दुमडीत चार-पाच सेंमी. घेर १२० सेंमी असेल, तर दुमड उसवून तीन सेंमी रुंदीची तेवढीच लांब पट्टी निघते. उरलेल्या कापडाची बारीक दुमड घालून टीप मारली की फ्रॉक होता तसाच. शिवाय आतलं कापड उन्हाने विटलेलं नसतं. फ्रॉक नवा होता तेव्हाचा रंग तिथे सापडतो, हे मुलांना फार आवडतं.

टी-शर्टचं मात्र कठीण. ओव्हरलॉकच्या, म्हणजे कडा कापत गुंफत जाणाऱ्या मशीनच्या, शिवणीत पाऊण सेंमीही माया नसते आणि कातर लावली की होजियरीचं कापड गुंडाळतं. तिथे गळ्यामागचं लेबल काढा, नाहीतर खिशाच्या आतून तुकडा घ्या. तेही जमत नसेल तर कापडाचा नाद सोडून रंगवा.

कातर चालवण्याआधी मुलाला विचारा. तीन वर्षांचं मूल ‘हो’ म्हणतं आणि कातर दिसली की भोकाड पसरतं, म्हणून आधी फक्त दुमड उसवायची, आतली पट्टी दाखवायची आणि कापायचं दुसऱ्या दिवशी. डोनाल्ड विनिकॉट या इंग्रज बालरोगतज्ज्ञ-मनोविश्लेषकाने १९५३ साली छापलेल्या निबंधात अशा लाडक्या वस्तूंबद्दल लिहिलं आहे. ही वस्तू बदलायची तर मुलाने बदलावी, इतरांनी नाही. मळली, वास मारू लागली तरी आई ती तशीच राहू देते, कारण धुतली तर मुलाच्या अनुभवातलं सातत्य तुटतं. पुस्तकात जाणारी पट्टी धुवावीच लागते, पण साध्या साबणाने धुवा. सुगंधी फॅब्रिक कंडिशनर घातलात तर मूल नाक लावून बघेल आणि ‘हा माझा नाही’ म्हणेल. पट्टी खडखडीत वाळू द्या. पावसाळ्यात दमट कापड कागदात बंद केलं की महिन्याभरात बुरशीचे ठिपके येतात.

आता पुस्तक. चार ए-फोर कागद मधोमध दुमडून एकात एक घातले की १६ पानं होतात. वरून पाचवा जाड कागद कव्हरचा. आतला कागद १८० ते २०० जीएसएमचा (कागदाच्या वजनाचं माप, पुड्यावर लिहिलेलं असतं) असू द्या. त्याहून पातळ घेतला तर कापडाखाली सुरकुततो, जाड घेतला तर दुमडताना तडकतो. कापडासारखाच कागदालाही उभा-आडवा धागा असतो. कागद दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून बघा. ज्या बाजूने मुकाट वाकतो, त्याच बाजूने दुमड यायला हवी. दुकानातले ए-फोर बहुतेक वेळा नेमके उलटे निघतात, म्हणून मोठा ताव घेऊन कापून आणलेला बरा. नाहीच मिळाला तर स्टीलची पट्टी धरून संपलेल्या रिफिलने आधी खाच पाडा आणि मग दुमडा.

पान १ वर नाव. मग सात जोडपानं, आणि पान १६ वर एकच छोटं चित्र. पान ८ आणि ९ एकाच कागदावर येतात, मध्ये जोड नसतो, म्हणून अख्ख्या फ्रॉकचं मोठं चित्र तिथे घ्या. टाके तिथूनच जाणार आहेत, तेव्हा चेहरा मात्र मधोमध येऊ देऊ नका.

मजकूर जोडपानाला एक वाक्य, सहा-आठ शब्दांचं. यातच बहुतेक पुस्तकं फसतात. आईबाबांना संस्कार करायचे असतात, म्हणून शेवटच्या पानावर ‘आता मी मोठी झाले, फ्रॉक छोट्या बाळाला दिला’ येतं. मूल ते पुस्तक पुन्हा हातात घेत नाही. फ्रॉक काय काय करतो तेवढंच लिहा: खिशात चिंचोके मावतात, गिरकी घेतली की घेराची छत्री होते, दोरीवर उलटा टांगला की त्यातून पाणी टपटपतं. शब्द मुलाचेच वापरा. ते फ्रॉकला ‘फॉक’ म्हणत असेल तर पुस्तकातही ‘फॉक’च.

चित्रकला यायला हवी असं काही नाही, पण डाग जागच्या जागी हवेत. पोटावर आमरसाचा डाग असेल तर तो प्रत्येक पानावर त्याच ठिकाणी, त्याच आकाराचा. खिसा घालणारीच्या उजव्या हाताला असेल, तर समोरून काढलेल्या चित्रात तो आपल्या डाव्या हाताला येतो. ही चूक मोठ्यांना दिसत नाही, मुलाला पहिल्याच वाचनात दिसते. चित्र काढण्याआधी फ्रॉक जमिनीवर पसरून पुढून-मागून एकेक फोटो काढून ठेवा, म्हणजे डाग, निघालेला धागा आणि लोंबणारं बटण यांचा घोळ होत नाही.

कापड चिकटवताना थेट फेव्हिकॉल लावू नका. पातळ सुती कापडातून तो वर येतो आणि वाळल्यावर कडक, चकचकीत डाग पडतो. शिवणसामानाच्या दुकानात चिकट बाजूचं पातळ बकरम, म्हणजे कॉलरला ताठ करायला आतून लावतात ते कापड, मिळतं. ते कापडाच्या उलट बाजूला इस्त्रीने दाबा आणि मगच आकार कापा, म्हणजे कडेचे धागे सुटत नाहीत. नेट किंवा सॅटिनचा फ्रॉक असेल तर इस्त्री मंद ठेवा आणि वर सुती रुमाल घाला, नाहीतर कापड वितळून इस्त्रीलाच चिकटेल. हा तुकडा अगदी पातळ गोंदाने पानावर जागेवर बसवा, वर बटर पेपर आणि जाड पुस्तकं ठेवून रात्रभर दाबा, आणि सकाळी कडेने धावदोरा घाला. मशीनवर शिवायचं तर टाका चार मिमीचा ठेवा. बारीक टाक्याने कागदाला पोस्टाच्या तिकिटासारखी भोकं पडतात आणि तुकडा अलगद फाटून हातात येतो. कागदावर चालवलेली सुई बोथट होते, ती पुन्हा कापडाला वापरू नका. हे सगळं पानं सुटी असतानाच उरकायचं.

तीन-चार पानांवर कापड आलं की पुस्तक पोटाशी फुगतं आणि मिटत नाही. दोन सेंमी रुंदीच्या कागदी पट्ट्या लांबीत दुमडून, कापडाच्या पानामागे एक अशा हिशोबाने, दुमडीत घाला आणि पानांबरोबरच शिवा. पाठ जाड झाली की पुस्तक सपाट मिटतं.

शिवायला गोधडीचा जाड दोरा ६५ सेंमी घ्या आणि त्यावर मेणबत्ती घासा. दुमडीवर दाभणाने पाच भोकं: वरून दीड, सहा, साडेदहा, पंधरा आणि साडेएकोणीस सेंमीवर. मधल्या भोकातून सुई आतून बाहेर काढा, दोरा आत वीतभर सोडा. दुसऱ्यातून आत, पहिल्यातून बाहेर, परत दुसऱ्यातून आत. मग मधलं भोक सोडून चौथ्यातून बाहेर, पाचव्यातून आत, चौथ्यातून बाहेर आणि शेवटी मधल्यातून आत. दोन्ही टोकं आतल्या लांब टाक्याच्या दोन अंगांना ठेवून गाठ मारा. दोरा दुमडीच्या रेषेतच ओढा. वर खेचलात तर कागद चिरतो. आतली पानं कडेने दोन-तीन मिमी बाहेर डोकावतील, ती शिवून झाल्यावरच एकत्र कापा.

तीन वर्षांच्या आतल्या मुलासाठी बटण, टिकली, मणी काहीही लावू नका. शिवलेलं बटणही दाताने निघतं. नाडी किंवा रिबन लावायची हौस असेल तर बोटभर पुरे.

उरलेली पट्टी टाकू नका. मागच्या कव्हरच्या आत तीन बाजूंनी चिकटवलेलं पाकीट करून त्यात ठेवा, सोबत हातभर दोरा. कापडाचं पानच सगळ्यात जास्त चोळलं आणि चोखलं जातं, आणि सहाएक महिन्यांत त्यावर ठिगळ लावायची वेळ येते.